‘ले’ गेला कुठे?

गुहांच्या अभ्यासाला फ्रेंचमध्ये ‘स्पेलेओलोजी’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘स्पेलेओलोजिया’, इंग्रजीत ‘स्पेलिऑलॉजी’, रशियनमध्ये ‘स्पेलेओलोगिया’. सगळीकडे मधला ‘ले’ आपल्या जागी ठाण मांडून बसलेला. रोमानियन भाषेत मात्र हा शब्द ‘स्पेओलोजिए’ असा आहे. गुहांचा अभ्यासक किंवा गुहांत उतरणारा हौशी माणूस तो ‘स्पेओलोग’. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा सरळसरळ मुद्रणदोष वाटावा. पण 1920 साली क्लुझ शहरात गुहाविज्ञानाला वाहिलेली जगातली पहिली संस्था निघाली, तिचे नावच ‘इन्स्तितुतुल दे स्पेओलोजिए’. पुढे या संस्थेचे फ्रेंच नावाचे नियतकालिक निघू लागले, त्याच्या मुखपृष्ठावरही ‘स्पेलेओलोजी’ न छापता ‘स्पेओलोजी’च छापले गेले. ज्या फ्रेंचांनी ‘ले’सकट शब्द घडवला, त्यांच्याच भाषेत लिहिताना ‘ले’ गाळायचा, म्हणजे हा प्रकार अनवधानाचा नव्हे.

तर हा ‘ले’ गेला कुठे, हे पाहू.

ग्रीक भाषेत गुहेला एक सोडून अनेक शब्द आहेत. त्यांपैकी ‘स्पेलायॉन’ हा रोजच्या गद्यातला. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथातल्या सातव्या भागात साखळदंडांनी जखडलेले आणि भिंतीवरच्या सावल्यांनाच सत्य मानणारे कैदी आहेत. त्यांच्या भुयारी निवासाचे वर्णन करायला त्याने याच शब्दापासून बनवलेले विशेषण वापरले. बायबलच्या नव्या करारातली ‘चोरांची गुहा’ ग्रीक मुळात ‘स्पेलायॉन’च आहे. याचाच एक भाऊबंद ‘स्पेलुंक्स’, त्याच्यावरून लॅटिनमध्ये ‘स्पेलुंका’ आला.

दुसरा शब्द ‘स्पेओस’. हा जुना आणि महाकाव्याच्या थाटाचा. होमरच्या ‘ओडिसी’त एकडोळ्या पॉलिफीमसची गुहा आणि अप्सरा कॅलिप्सोचे घर, दोन्हींसाठी तो येतो. पुढच्या काळातल्या गद्यात तो क्वचितच भेटतो. ‘स्पेओस’ आणि ‘स्पेलायॉन’ यांचे नाते असणार हे कानालाच कळते, पण ग्रीकच्या मागे जाऊन या दोघांचे मूळ दाखवणारा सर्वमान्य धातू काही हाती लागलेला नाही. ग्रीक लोक त्या भूमीत येण्याआधी तिथे जे कोणी राहत होते, त्यांच्या भाषेतून हा शब्द आला असावा असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. डोंगर, दऱ्या, झाडे, गुहा यांची नावे नव्याने येणारे लोक बहुतेक वेळा आधीच्यांकडूनच उचलतात, तेव्हा यात नवल नाही.

‘स्पेओस’ला एक वेगळा जन्म इजिप्तच्या पुरातत्त्वशास्त्रात मिळाला. तिथे डोंगराच्या अंगात कोरून काढलेल्या देवळाला ‘स्पेओस’ म्हणतात. हात्शेप्सुत राणीने बेनी हसनजवळ पाखेत या सिंहिणीच्या रूपातल्या देवीसाठी असे एक मंदिर खोदवले. ग्रीकांनी त्या देवीला आपल्या आर्टेमिसच्या जागी बसवले आणि ते स्थळ ‘स्पेओस आर्टेमिडोस’ झाले. मराठी वाचकाला हा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. निसर्गाने केली ती गुहा आणि माणसाने खोदले ते लेणे हा भेद आपल्या भाषेत आधीपासून आहे. वेरूळ-अजिंठ्याला इंग्रजीत सरसकट ‘केव्हज’ म्हटले जाते तेव्हा हा भेद बुडतो. इजिप्तच्या अभ्यासकांनी ‘लेणे’ या अर्थी ग्रीक शब्द उचलला हे बरे केले, एवढेच म्हणतो.

आता शास्त्राच्या नावाकडे वळू. 1890च्या आसपास एमिल रिव्हिएर या फ्रेंच प्रागैतिहासिक अभ्यासकाने ‘स्पेलायॉन’ आणि ‘लोगोस’ जोडून ‘स्पेलेओलोजी’ हा शब्द केला. त्याआधी ‘ग्रोतोलोजी’ असाही एक शब्द चालवून पाहिला गेला होता. ‘ग्रोत’ म्हणजे गुहा, ही फ्रेंचने इटालियनमधून घेतलेली. इटालियन ‘ग्रोत्ता’ लॅटिन ‘क्रिप्टा’वरून, आणि ‘क्रिप्टा’ ग्रीक ‘क्रिप्टे’वरून, म्हणजे लपलेली, झाकलेली जागा. (आपली ‘गुहा’सुद्धा ‘गुह्’ म्हणजे झाकणे या धातूची. गुह्य आणि गूढ ही तिची सख्खी भावंडे.) म्हणजे ‘ग्रोतोलोजी’तही मूळ ग्रीकच होते, पण दोन भाषांतून वापरून झिजलेले. शास्त्राच्या नावाला कोरे ग्रीक हवे, हा त्या शतकातला दंडक. त्यात ‘ग्रोतोलोजी’ बाद झाला.

‘स्पेलेओलोजी’ला खरा आधार मिळाला तो एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या माणसाचा. व्यवसायाने वकील, वृत्तीने गुहांत उतरणारा. 1889मध्ये तो दोरखंड आणि शिड्या घेऊन पादिराकच्या प्रचंड विवरात उतरला, खाली नदी सापडली, आणि गुहेत उतरणे हा फ्रान्समध्ये एकदम चर्चेचा विषय झाला. 1895मध्ये त्याने पॅरिसमध्ये ‘सोसिएते दे स्पेलेओलोजी’ स्थापन केली. तिच्या नियतकालिकाचे नाव ‘स्पेलुंका’. मार्तेलची स्पेलेओलोजी ही मुख्यतः उतरण्याची, मोजण्याची, नकाशे काढण्याची विद्या. गुहा किती खोल, पाणी कुठून येते, कुठे जाते. पुढच्या वर्षी, 1896मध्ये, तो स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या द्राक गुहेत गेला आणि तिथल्या आतल्या मोठ्या तळ्याला त्याचेच नाव पडले. ते तळे आजही ‘मार्तेलचे तळे’ म्हणून दाखवतात.

याच गुहेत आठ वर्षांनी, जुलै 1904मध्ये, दुसरा एक माणूस उतरला. हा रोमानियन. एमिल राकोवित्सा.

राकोवित्सा मोल्दाव्हियातल्या याश शहरात 1868मध्ये जन्मला. प्राथमिक शाळेत त्याला शिकवायला इयोन क्र्यांगा होते, बालपणाच्या आठवणी आणि लोककथा लिहून रोमानियन गद्याचे मानदंड ठरलेले क्र्यांगा. वडिलांच्या इच्छेखातर पोराने पॅरिसमध्ये कायद्याची पदवी घेतली, आणि ती घेऊन झाल्यावर प्राणिशास्त्राकडे वळला. 1897 ते 1899 या काळात तो ‘बेल्जिका’ या जहाजावरून अंटार्क्टिकाला गेला. ते जहाज बर्फात अडकून वर्षभराहून अधिक काळ तिथेच राहिले, आणि अंटार्क्टिकात हिवाळा काढणारी ती पहिली वैज्ञानिक मोहीम ठरली. सोबत तरुण रोआल्ड आमुंडसेन होता. राकोवित्साने तिथून आणलेल्या नमुन्यांत काही मिलिमीटर लांबीची, पंख नसलेली एक माशी होती. तिला जहाजाचेच नाव मिळाले, ‘बेल्जिका अंटार्क्टिका’. पूर्णवेळ जमिनीवरच राहणारा त्या खंडातला सर्वांत मोठा मूळरहिवासी प्राणी ही माशीच. पेंग्विन आणि सील समुद्रावर जगतात, म्हणून ते या हिशेबात धरत नाहीत.

परत आल्यावर तो फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, बान्यूल्स-सुर-मेर इथल्या सागरी प्रयोगशाळेचा उपसंचालक झाला. समुद्रातल्या जिवांवर काम करायचे, असे एकूण ठरलेले. द्राक गुहेच्या पाण्यात मात्र त्याला एक फिकट, बिनडोळ्यांचा कवचधारी प्राणी सापडला. त्याचे जवळचे नातेवाईक सारे समुद्रात राहणारे. हा इथे, जमिनीखाली, काळोखात कसा? राकोवित्साने त्याला ‘टिफ्लोसिरोलाना मोराग्वेसी’ असे नाव दिले.

या नावाकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ‘टिफ्लोस’ म्हणजे ग्रीकमध्ये आंधळा. हा भाग अगदी शास्त्रशुद्ध. ‘सिरोलाना’ मात्र ग्रीक नाही, लॅटिनही नाही, कुठल्याच भाषेतला नाही. विल्यम लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1818मध्ये या गटातल्या कवचधारी प्राण्यांना नावे देताना ‘कॅरोलाइन’ किंवा ‘कॅरोलिना’ या एका स्त्रीनामाची अक्षरे उलटसुलट करून अनेक नावे पाडली: सिरोलाना, कोनिलेरा, नेरोसिला, रोसिनेला. कोण ही कॅरोलाइन, याबद्दल तर्क पुष्कळ झाले. तेव्हा राकोवित्साच्या आंधळ्या जिवाच्या नावात अर्धे ग्रीक आणि अर्धी कुणाची तरी कॅरोलाइन आहे. शास्त्रीय नावे म्हणजे सगळा ग्रीक-लॅटिन गांभीर्याचा मामला, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे एक नाव लक्षात ठेवावे.

त्या एका प्राण्याने राकोवित्साचा रस्ता बदलला. 1907मध्ये त्याने फ्रेंचमध्ये एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला: ‘बायोस्पेओलोजीच्या प्रश्नांविषयी’ अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते. आपला ‘ले’ या शीर्षकात आधीच गळालेला आहे. ‘बायोस्पेओलोजी’ हा शब्द त्याच्या तीनच वर्षे आधी आर्माँ व्हिरे या फ्रेंच अभ्यासकाने वापरात आणला होता. त्यात ‘स्पेलायॉन’ऐवजी ‘स्पेओस’ घेतलेला. व्याकरणाच्या अंगाने यात काही वावगे नाही. ‘एथोस’ या ग्रीक शब्दापासून ‘एथॉलॉजी’ होते, अगदी तशाच रीतीने ‘स्पेओस’पासून ‘स्पेओलोजी’ होते. ‘बायोस्पेलेओलोजी’ मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे होमरचा आखूड शब्द का बरा वाटला असेल याचा अंदाज येतो. एवढ्या स्वरांच्या रांगेत एक जरी कमी झाला तरी जिभेला हायसे वाटते. फ्रेंचमध्ये दोन्ही रूपे काही काळ शेजारी शेजारी नांदली. पुढे मुख्य शास्त्राचे नाव ‘ले’सहितच राहिले.

राकोवित्साने मात्र छोटे रूप धरले ते कायमचे. त्याने सुरू केलेल्या लेखमालेचे नाव ‘बायोस्पेओलोजिका’. 1907चा निबंध हा तिचा पहिला अंक. त्या निबंधात एक मुद्दा आहे, जो मला आजही ताजा वाटतो. गुहा म्हणजे काय? माणूस आत शिरू शकेल एवढे मोठे भोक. पण ही व्याख्या माणसाच्या अंगकाठीवरून ठरली. किड्याला तिच्याशी काय कर्तव्य? खडकातल्या बारीक भेगा आणि फटींचे जाळे हेच भूगर्भातल्या जिवांचे खरे घर, आणि माणूस जिथे जाऊ शकतो ती दालने म्हणजे त्या जाळ्याचा एक तुकडा. मार्तेलच्या परंपरेत गुहा आधी येते, तिच्यात काय राहते ते नंतर. राकोवित्साने हा क्रम उलटा केला.

तिथे राहणाऱ्यांची वर्गवारी करताना ग्रीक पुन्हा कामाला आले. ‘ट्रोग्ले’ म्हणजे कुरतडून केलेले बीळ, उंदराचे असते तसले. ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञ शिनर याने 1854मध्ये याच शब्दावर आधारलेली वर्गवारी मांडली होती. राकोवित्साने ती घासूनपुसून नीट केली. गुहेत चुकूनमाकून किंवा थोड्या वेळापुरता आलेला तो ‘ट्रोग्लोक्झेन’, म्हणजे बिळातला पाहुणा, कारण ‘क्झेनोस’ म्हणजे परका. बाहेरही जगू शकणारा, पण गुहेत रमलेला तो ‘ट्रोग्लोफिल’. आणि गुहेबाहेर ज्याचे जगणेच नाही, डोळे गेलेले, रंग गेलेला, तो ‘ट्रोग्लोबी’, म्हणजेच आजचा ‘ट्रोग्लोबिऑन्ट’. हे तिन्ही शब्द आज जगभर चालतात. ग्रीक विद्वानाला हसू येईल की गुहेच्या शास्त्राला नाव महाकाव्यातल्या राक्षसाच्या घरावरून आणि गुहेतल्या जिवांना उंदराच्या बिळावरून. पण परिभाषा अशीच जमते.

पहिल्या महायुद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियात आला. क्लुझचे विद्यापीठ 1919मध्ये रोमानियन झाले, तिथे माणसे हवी होती, आणि राकोवित्साला बोलावणे आले. येतो, पण गुहांची स्वतंत्र संस्था काढू द्या, अशी त्याची अट. 26 एप्रिल 1920च्या कायद्याने ती पुरी झाली. सोबत त्याने भुंगेऱ्यांवर काम करणारा फ्रेंच रने जानेल आणि स्विस प्राणिशास्त्रज्ञ पिएर-आल्फ्रेद शापुई यांना आणले. माझ्या मते ‘ले’ गळण्याचे उत्तर या तारखेत आहे. रोमानियात गुहांचे शास्त्र मार्तेलच्या वाटेने, म्हणजे दोर-शिड्यांच्या वाटेने आले असते तर नावही ‘स्पेलेओलोजिए’ झाले असते. ते आले प्राणिशास्त्रज्ञाच्या हातून. त्याच्याकडे ‘बायोस्पेओलोजी’ तयार होता. संस्था मात्र केवळ जीवशास्त्राची नव्हती, भूरचना, पाणी, हवा, बर्फ सारे तिच्या कक्षेत होते. आपुसेनी डोंगरातल्या स्कारिश्वारा गुहेतल्या हिमनदीवर राकोवित्साने स्वतः काम केले. मग पुढचा ‘बायो’ काढून घेतला की जे उरते ते ‘स्पेओलोजी’.

राकोवित्सा 1947मध्ये वारला. त्याआधी 1940मध्ये उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीकडे गेला, विद्यापीठाचा विज्ञान विभाग तिमिश्वाराला हलला आणि राकोवित्साही तिकडे गेला. क्लुझमध्ये संस्थेचा संग्रह सांभाळत मागे राहिला तो शापुई.

इथवर जे सांगितले ते शास्त्राचे नाव. पण खेड्यातला रोमानियन माणूस गुहेला ‘स्पेओस’ही म्हणत नाही नि ‘स्पेलायॉन’ही नाही. तो म्हणतो ‘पेश्तेर’. आणि एका ठरावीक गुहेचे नाव घेताना ‘पेश्तेरा’, कारण रोमानियनमध्ये निश्चयवाचक उपपद नामाच्या शेपटीला लागते. हा शब्द स्लाव्ह भाषांतून आला. स्लाव्हमध्ये ‘पेश्त’, ‘पेच’ म्हणजे भट्टी. मातीची घुमटदार भट्टी आणि डोंगरातली पोकळी, दोन्हींचे रूप एक. कीव्हच्या प्रसिद्ध पेचेर्स्क मठाच्या नावातही हीच गुहा आहे. आणि भट्टीचा तो शब्द ज्या धातूवरून आला तो म्हणजे संस्कृत ‘पच्’चा सख्खा सोयरा. पाक, पक्वान्न, पचणे, पिकणे यांचे आणि रोमानियन ‘पेश्तेर’चे आजोबा एकच. गंमत अशी की याच घराण्याचा दुसरा शब्द रोमानियनला लॅटिनमधूनही मिळाला: ‘कोआचे’, म्हणजे भाजणे. त्याचे ‘कोप्त’ हे रूप भाजलेल्या पावालाही लागते आणि पिकलेल्या फळालाही, आपल्या ‘पक्व’सारखेच.

‘स्पेलायॉन’ आणि ‘पेश्तेर’ यांची गाठ पूर्वीच पडली होती, पण देवळात. नाताळच्या दिवशी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सहाव्या शतकातल्या रोमानोस या कवीचे एक स्तोत्र गातात. पृथ्वी नवजात बाळाला गुहा देते, अशी त्यातली कल्पना. ग्रीक मुळात तिथे ‘स्पेलायॉन’ आहे, रोमानियन पाठात ‘पेश्तेर’. खरे तर ग्रीकशी रोमानियनचा घरोबा जुना. बाजारातले ‘इएफ्तिन’ म्हणजे स्वस्त आणि ‘प्रोआस्पात’ म्हणजे ताजे हे शब्द ग्रीकच. अठराव्या शतकात इस्तंबूलहून नेमलेले फनारी ग्रीक राजे 1821पर्यंत याश आणि बुखारेस्तवर राज्य करत होते आणि तिथल्या विद्यालयांत शिक्षणच ग्रीकमधून होते. मात्र ‘स्पेओलोजिए’ त्या जुन्या ओळखीतून आला नाही. एकोणिसाव्या शतकात रोमानियन भाषेने सिरिलिक सोडून रोमन लिपी घेतली, पॅरिसकडे तोंड वळवले, आणि विज्ञानाचे बहुतेक ग्रीक शब्द फ्रेंचच्या दारातून आत घेतले. ग्रीसची सीमा शे-दोनशे कोसांवर, शब्द आला पॅरिसहून.

शास्त्र रुजले तसे त्याचे पीकही आले. 1986मध्ये काळ्या समुद्राकाठी मंगालियाजवळ वीजप्रकल्पासाठी जमीन तपासताना एका खोदलेल्या विवराच्या तळाशी गुहा लागली. तिला नैसर्गिक तोंडच नव्हते. क्रिस्तियान लास्कू हा स्पेओलोग आत उतरला. हवेत प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड भरपूर, पाण्यात हायड्रोजन सल्फाइड. तरीही आत जिवांची वर्दळ. सूर्यप्रकाश नाही, वरून पाने-पाचोळा येत नाही, सारे अन्न गंधक आणि मिथेनवर जगणाऱ्या जिवाणूंपासून सुरू होते. 1996मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर निबंध आला तेव्हा जमिनीखालच्या अशा संपूर्ण परिसंस्थेची ही पहिलीच नोंद होती. तिथल्या एका जलविंचवाचे नाव ‘नेपा ॲनॉफ्थाल्मा’. ‘ॲन्’ म्हणजे नाही, ‘ऑफ्थाल्मोस’ म्हणजे डोळा. आपल्या ‘अन्’ या उपसर्गाशी त्या ग्रीक ‘ॲन्’चे जुने नाते आहे. गुहेचे नाव ‘पेश्तेरा मोविले’, म्हणजे टेकाडांची गुहा.

आणि तो ‘ले’? तो परत आला आहे, चोरपावलांनी. 1952मध्ये गुहेतल्या लवणस्तंभांसारख्या साचलेल्या खनिजरूपांना मिळून ‘स्पेलिओथेम’ असे एक नाव इंग्रजीत तयार झाले; ‘थेमा’ म्हणजे ठेवलेले, साचलेले. त्यांच्या थरांवरून आता हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस आणि तापमान काढतात, त्यामुळे हा शब्द सगळ्या भाषांत गेला. रोमानियनमध्ये तो ‘स्पेलेओतेमा’ म्हणून आला, ‘ले’ शाबूत ठेवून. तेव्हा आज क्लुझमधला एखादा स्पेओलोग स्पेलेओतेमांवर निबंध लिहितो, आणि एकाच वाक्यात होमरची गुहाही येते, प्लेटोचीही.